ओस पडत चाललेली मुख्य बाजारपेठ: निधी आधी कशावर खर्च करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सव्वा लाख वस्तीच्या शहरातली जुनी मुख्य बाजारपेठ. शहराबाहेरून वळणरस्ता झाला, त्याच्या कडेला मॉल आणि मोठी दुकानं गेली, पाठोपाठ सरकारी कार्यालयंही तिकडेच हलली. आता पेठेत दर पाच गाळ्यांमागे एक बंद आहे. सुशोभीकरणासाठी निधी मंजूर झालाय. त्यातून रस्ता वाहनांना बंद करून फरशी घालावी, बहुमजली वाहनतळ बांधावा, की हे सगळं सोडून बाहेरचा एखादा मोठा कारखाना यावा म्हणून जमीन आणि सवलती द्याव्यात?

पहिल्या वर्षी तिन्हीतलं काहीच करू नका. निधीतला लहानसा हिस्सा बाजूला काढा, पेठेसाठी एक पूर्णवेळ माणूस नेमा आणि त्याच्याकडून एक नोंदवही भरून घ्या. बैठकीत हे उत्तर कुणाला आवडत नाही, कारण याचं उद्घाटन करता येत नाही.

पेठ मॉलपुढे हरते ती वातानुकूलन आणि चकचकाटामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. मॉलला मालक असतो, हा खरा फरक. कुठल्या गाळ्यात काय चालेल, कोणाशेजारी कोण असावं, दिवे किती वाजेपर्यंत राहतील, हे तिथे एक कार्यालय ठरवतं. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला ते नाममात्र भाड्यात जागा देतं आणि मुद्दाम टोकाला बसवतं. तिकडे निघालेली माणसं वाटेतल्या लहान दुकानांसमोरून जातात आणि मॉल आपली भाड्याची खरी कमाई त्या लहान दुकानांकडून काढतो. पेठेत शेदोनशे गाळे, जवळपास तेवढेच मालक, त्यातले कितीतरी परगावी. प्रत्येक जण आपल्या शटरपुरतं बघतो आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. पण दोन दुकानांमधल्या कोपऱ्याचं, गटारावरच्या तुटक्या झाकणाचं, संध्याकाळी अंधारात बुडणाऱ्या टोकाचं बघणं हे कुणाचंच काम नसतं.

अमेरिकेत ऐतिहासिक वास्तू जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाला हे फार लवकर उमगलं. १९७७ साली त्यांनी गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या शहरांत प्रयोग सुरू केला. हेतू जुन्या इमारती वाचवण्याचा होता, पण इमारत टिकायची तर तळमजल्यावरचा धंदा चालला पाहिजे, हे उघड होतं. म्हणून प्रत्येक शहरात त्यांनी एक पूर्णवेळ व्यवस्थापक बसवला. १९८० पासून हा ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रम देशभर पसरला. त्याच्या चार बाजू आहेत: माणसांचं संघटन, पेठेची जाहिरात आणि कार्यक्रम, पेठेचं रूप आणि धंद्याचं अर्थकारण. चारांपैकी रूप तेवढं फोटोत येतं, म्हणून बहुतेक शहरं तिथून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

हा माणूस कोण असावा? नगरपालिकेतून उसना घेतलेला कारकून नको, कारण त्याला निवडणुकीच्या कामाला जुंपतील. व्यापारी संघटनेचा चिटणीसही नको, कारण तो जुन्या सभासदांच्या बाजूने झुकणार. दोघांनी मिळून पगार द्यावा, दोघांना त्याने हिशेब द्यावा, आणि करार किमान तीन वर्षांचा असावा. नियोजनाची पदवी असली तर चांगलंच. पण एखाद्या चिडलेल्या मालकाच्या घरी चौथ्यांदा जाऊन चहा पिण्याची चिकाटी जास्त उपयोगी पडते.

आता नोंदवही. पेठेतल्या प्रत्येक मिळकतीला एक पान द्यायचं. तळमजल्यावर काय आहे, किती वर्षं आहे, दुकानदार मालक आहे की भाडेकरू, करार कधी संपतो, दुकान पुढे चालवायला घरात कोणी आहे का. बंद असेल तर कधीपासून आणि का. वरच्या मजल्यांवर काय आहे. वर जायला जिना आहे का.

शेवटचा रकाना क्षुल्लक वाटेल. पण जुन्या पेठा बघत फिरताना वर मान करून बघायची सवय लावून घ्या. तळाशी झगझगीत दुकान आणि वरच्या दोन मजल्यांच्या खिडक्यांना धूळ, कुठे पत्रा ठोकलेला, हे चित्र जगात सगळीकडे सापडतं. कारण बऱ्याचदा साधं असतं. कधीतरी दुकानाचं तोंड रुंद करायला चार फूट हवे होते, म्हणून रस्त्याकडचा जिना पाडला. त्या चार फुटांपायी वरचे दोन मजले कायमचे मेले. आता तिथे जायचं तर दुकानातून, नाहीतर मागच्या बोळातून. कुणी राहायला येणार नाही, कुणी कार्यालय थाटणार नाही. अशा दोन-तीन शेजारच्या इमारतींना मिळून एकच सामाईक जिना आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट करून दिली, तर पूर्ण रांगेचे वरचे मजले पुन्हा वापरात येतात. हा खर्च फरशीच्या मानाने किरकोळ आहे. वरती राहणारं प्रत्येक घर म्हणजे संध्याकाळी सातनंतर खाली उतरणारं, दूध-औषध आणणारं, खिडकीत दिवा लावणारं गिऱ्हाईक. दुकानदाराला सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक हेच, कारण त्याला पार्किंग लागत नाही.

बंद गाळ्यांची कारणं लिहून काढलीत की त्यांचे गट पडतात. काहींमध्ये वारसांचे वाद असतात, तिथे नगरपालिकेने फार अपेक्षा ठेवू नये. काही गाळे कोपऱ्यात, अंधारात, खरोखर न चालणारे असतात. ते गोदाम, कार्यशाळा, शिकवणी यांना गेले तरी चालेल, तिथे दुकानाचाच हट्ट नको. उरलेले मात्र विचित्र असतात. जागा चांगली, मालक सधन, गाळा वर्षानुवर्षं बंद आणि भाडं मागतो पेठेच्या चलतीच्या काळातलं. बाहेरच्याला हा निव्वळ हट्टीपणा वाटतो, पण त्यामागे हिशेब असतो. मिळकतीची किंमत तिच्या भाड्यावरून ठरते. आज कमी भाड्याने दिली तर कागदावरची किंमत उतरते, तारण ठेवून काढलेल्या कर्जाला बँक प्रश्न विचारते, शेजारचा भाडेकरूही कपात मागतो. बंद ठेवली तर कागदावर सगळं आबाद राहतं. शिवाय बंद गाळ्यावर कराची सूट असेल तर विचारायलाच नको. ती सूट आधी काढा.

इंग्लंडने यासाठी थेट कायदा केला. डिसेंबर २०२४ पासून तिथल्या स्थानिक संस्थांना अधिकार आहे: दोन वर्षांच्या काळात मिळून ३६५ दिवस गाळा रिकामा राहिला, तर नोटिशीनंतर त्याचा भाडेहक्क लिलावात काढता येतो, एक ते पाच वर्षांसाठी. अशी तरतूद तुमच्याकडे नसली तरी तिच्यामागची युक्ती उचलता येते. मालकाला कायमचं कमी भाडं कबूल करायला लावू नका. अकरा-बारा महिन्यांचा तात्पुरता करार करा, कागदावर मूळ भाडं राहू द्या आणि पहिल्या वर्षापुरती सवलत वेगळी लिहा. नवशिक्या दुकानदाराला धंदा आजमावून बघता येतो, मालकाची प्रतिष्ठा आणि तारणाची किंमत दोन्ही शाबूत राहतात. करार, डागडुजी, विजेचं मीटर ही कटकट त्या पूर्णवेळ माणसाने अंगावर घ्यायची. तात्पुरते गाळे पेठेत विखरू नका. एका साठ-सत्तर मीटरच्या तुकड्यातले सगळे आधी उघडा. चालणाऱ्याच्या मनावर सलगतेचा परिणाम होतो. दोन बंद शटरं ओळीने आली की माणूस मागे वळतो.

मालकी विखुरलेली असताना पेठ एकहाती कशी चालवायची, याचं मला आवडणारं उदाहरण जपानमधलं आहे. ताकामात्सु शहरातली मारुगामेमाची ही पावणेपाचशे मीटर लांबीची जुनी व्यापारी गल्ली. १९८८ साली हे शहर ज्या बेटावर आहे ते मुख्य बेटाला जोडणारा सेतो समुद्रावरचा पूल खुला झाला, बाहेरच्या मोठ्या दुकानांचं सावट आलं आणि व्यापाऱ्यांनी विचार सुरू केला. त्यांनी जमिनी विकल्या नाहीत. मालकी आपल्याकडे ठेवून वापराचा हक्क तेवढा ६० वर्षांच्या मुदतीने एका सामाईक कंपनीला दिला. कंपनीने इमारती बांधल्या, कुठे कोणतं दुकान यावं ते ठरवलं, वरती राहती घरं काढली. पहिला टप्पा उघडायला २००६ उजाडलं. जमीनमालकाला ठरावीक भाडं मिळत नाही. दुकानांच्या भाड्यातून कर्ज आणि खर्च वजा करून जे उरतं त्यातला वाटा मिळतो. म्हणजे पेठ चालली तरच त्याचं चालतं आणि गाळा अडवून ठेवण्यात काही हशील राहत नाही. अठरा वर्षांची ती वाटाघाट बघून हबकून जाऊ नका, तुम्हाला लगेच एवढं करायचं नाहीच. पण एका रांगेतले पाच-सहा मालक एकत्र येऊन भाडेव्यवहार एकाच्या हाती द्यायला तयार होतात का, हे विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

यावर नगरसेवक हमखास विचारतात की एवढा जीव पेठेसाठी का टाकायचा, महसूल तर बाहेरच्या मोठ्या दुकानांकडून येतो. त्यांना एकूण कर दाखवू नका, एकरामागचा कर काढून दाखवा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल शहरात नगररचनाकार जोसेफ मिनिकोझी यांनी ही मांडणी गाजवली. शहराकाठचं वॉलमार्ट कंपनीचं मोठं दुकान आणि मध्यवस्तीतली एक जुनी, दुरुस्त करून खाली दुकान-वरती घरं अशी केलेली इमारत यांचा मालमत्ता कर त्यांनी जागेने भागला. जुन्या इमारतीचा एकरी कर जवळजवळ शंभरपट निघाला. मोठ्या दुकानाची बहुतेक जमीन गाड्या उभ्या करण्यात जाते, इमारत पत्र्याची आणि एकमजली असते. तिच्यापर्यंत रस्ता, पाणी, सांडपाण्याची वाहिनी मात्र शहराच्या खर्चाने न्यावी लागते, आणि पुढे कायम सांभाळावीही लागते. तुमच्या कर विभागाकडे क्षेत्रफळ आणि आकारणी दोन्ही आहेत. दोन दिवसांत हा तक्ता तयार होतो आणि माझ्या अनुभवात कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करतो.

आता तुमचे तीन पर्याय.

वाहनबंदी. या बाबतीत इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. कोपनहेगनने १९६२ साली स्ट्रोगेट हा रस्ता पादचाऱ्यांसाठी राखला, व्यापाऱ्यांनी ओरड केली, आणि आज तो जगभर दाखला म्हणून दिला जातो. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेतल्या कालामझूने तेच केलं होतं. मॉलचा जनक मानला जाणारा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यानेच त्या शहरासाठी आराखडा काढला होता. त्याचं बघून उत्तर अमेरिकेत दोनशेच्या आसपास पेठा वाहनमुक्त झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य पुढे पुन्हा वाहनांना उघडाव्या लागल्या. कालामझूनेही १९९८ मध्ये आपल्या रस्त्याचा काही भाग गाड्यांना मोकळा केला. कोपनहेगनच्या मध्यभागात माणसं राहत होती, शिकत होती, कामाला येत होती. गाड्या काढल्यावर रस्ता भरायला ती हजर होती. अमेरिकेतल्या त्या शहरांची माणसं आधीच उपनगरांत गेली होती. गाड्या काढल्यावर उरला तो रिकामा रस्ता, आणि रिकाम्या रस्त्यावर फरशी कितीही चांगली असली तरी भीतीच वाटते.

स्पेनमधलं पोंतेवेद्रा तुमच्या आकाराच्या जवळचं, साधारण ऐंशी हजार वस्तीचं. १९९९ पासून महापौर मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस यांनी तिथला मध्यभाग टप्प्याटप्प्याने गाड्यांपासून मोकळा केला. पण मालाच्या गाड्यांना, रहिवाशांना, रुग्णांना ये-जा ठेवली, गाड्या उभ्या करायची सोय चालत जाता येईल अशा कडेच्या भागात केली, आणि शहराच्या वेशीवर मोठे मॉल येऊ दिले नाहीत. हे शेवटचं कलम लोक विसरतात. एका हाताने पेठेत फरशी घालायची आणि दुसऱ्या हाताने वळणरस्त्यावर आणखी एका मॉलला परवानगी द्यायची, याला नियोजन म्हणत नाहीत.

तुमच्यासाठी मधला मार्ग बरा. दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलने १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुख्य रस्ता चार मार्गिकांवरून दोनवर आणला, पदपथ रुंद केले, झाडं लावली. गाड्या राहिल्या, पण हळू झाल्या. पुढे नदीचा धबधबा झाकणारा वाहतुकीचा पूल २००२ मध्ये पाडला आणि २००४ मध्ये तिथे उद्यान आणि पायी पूल उभा केला. बघा, पहिल्या कामापासून या कामापर्यंत पाव शतक गेलं. तुम्ही आधी आठवड्यातली एक संध्याकाळ वाहनबंद करा, नुसते अडथळे आणि उचलून ठेवता येतील अशा खुर्च्या लावून. न्यूयॉर्कमधल्या चौकांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी १९८० सालीच लिहून ठेवलंय की माणसं जिथे बसायला जागा असते तिथे बसतात. वाचताना हसू येतं, पण बसायची सोय नसलेले किती चौक आपण बांधतो ते आठवा. चार महिने मोजणी करा. ज्या दिवशी व्यापारी स्वतःहून दुसरी संध्याकाळ मागतील, त्या दिवशी फरशीचा विषय काढा.

बहुमजली वाहनतळाच्या मी जवळजवळ नेहमी विरोधात असतो. पेठेत पार्किंग नाही अशी तक्रार असते, तेव्हा सकाळी दहाला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर लिहून घ्या आणि दुपारी तीनला पुन्हा बघा. बऱ्याच गाड्या त्याच जागी सापडतील, आणि त्या दुकानदारांच्या व त्यांच्या नोकरांच्या निघतील. गिऱ्हाइकाची जागा पेठेनेच खाल्लेली असते. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहराच्या जुन्या भागात १९९३ साली पार्किंगचं शुल्क घेणारे मीटर बसवायचे ठरले तेव्हा व्यापारी बिथरले होते. मीटरचं उत्पन्न शहराच्या तिजोरीत न जाता याच भागातल्या पदपथ, दिवे, सफाईवर खर्च होईल असं ठरल्यावर ते तयार झाले. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या दुसरीकडे गेल्या, समोरच्या जागा तासा-दोन तासांनी मोकळ्या व्हायला लागल्या. पार्किंगच्या अर्थशास्त्रावर हयात घालवलेले डोनाल्ड शूप हे उदाहरण आवर्जून द्यायचे. काँक्रीटचा वाहनतळ बांधायच्या आधी हे करून बघा. बहुतेक ठिकाणी मग तो लागत नाही.

मोठा कारखाना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २०१७ साली फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या तैवानी कंपनीने १३,००० नोकऱ्यांचं आश्वासन दिलं, राज्याने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, माउंट प्लेझंट या छोट्या गावाने जमिनी घेतल्या, रस्ते आणि पाणी दिलं. २०२१ मध्ये करार नव्याने लिहिला तेव्हा आकडा १,४५४ नोकऱ्यांवर आला. राज्याने आपल्या सवलती त्या मानाने कापल्या, पण गावाने घालून दिलेले रस्ते परत गुंडाळता येत नाहीत. कोलोरॅडोतल्या लिटलटनने १९८०च्या दशकात मोठ्या संरक्षण कंपनीच्या नोकरकपातीचा फटका खाल्ल्यावर उलटा रस्ता धरला. बाहेरून कुणाला सवलत देऊन आणायचं नाही, गावातल्या वाढू पाहणाऱ्या छोट्या कंपन्यांना बाजाराची माहिती, ग्राहकांच्या याद्या, स्पर्धकांचा अभ्यास नगरपालिकेच्या खर्चाने पुरवायचा. वीसेक वर्षांत तिथल्या नोकऱ्या दुपटीच्या घरात गेल्या. सगळं श्रेय या एका योजनेला देणं मला जड जातं, कारण तो पूर्ण भागच वाढत होता, पण खर्चाच्या मानाने ही जोखीम नगण्य होती. तुमच्या शहरात पाच ते पन्नास माणसं कामाला असलेले आणि बाहेरगावी माल विकणारे धंदे किती आहेत? त्यांतल्या दहांना जरी पेठेतल्या वरच्या मजल्यांवर कार्यालय थाटता आलं, तरी दोन्ही प्रश्न एकाच जागी सुटायला लागतात.

आणि गेलेली सरकारी कार्यालयं. सगळी परत येणार नाहीत. पण रोज लोकांची ये-जा असलेलं एखादं तरी, दाखले देणारं, कर भरून घेणारं, वाचनालय, काहीही, पेठेत आणा. मॉलवाला मोठ्या दुकानाला स्वस्तात बसवतो तो हिशेब इथे नगरपालिकेला स्वतःच करता येतो.

हे सगळं चालवायला निधी संपल्यावर पैसे कुठून येणार? कॅनडात टोरांटो शहरातल्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजारपेठेने काढलेला तोडगा जुना आणि सोपा आहे. तिथे भुयारी रेल्वे आणि मॉल यांनी रस्त्यावरचं गिऱ्हाईक ओढलं, व्यापाऱ्यांनी ऐच्छिक वर्गणी काढली, काहींनी दिली, बाकीच्यांनी फुकटात फायदा घेतला. मग १९७० साली ठराव झाला: हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायाने भरायचा छोटा अधिभार, नगरपालिका करासोबत तो वसूल करून व्यापाऱ्यांच्या मंडळाकडे सोपवणार, खर्च मंडळ ठरवणार. जगभर पसरलेल्या अशा व्यवसाय-सुधार क्षेत्रांची सुरुवात इथली. अट एक ठेवा. या पैशातून होणारी कामं नगरपालिकेच्या नेहमीच्या सफाई-दुरुस्तीच्या वर असावीत, तिच्या जागी नव्हे. हे करारात लिहिलं नाही तर दुसऱ्याच वर्षी पालिकेचा झाडूवाला पेठेत यायचा बंद होतो.

शेवटी फरशीची वेळ आलीच, तर कामाच्या निविदेत तीन गोष्टी घाला. जमिनीखालची पाण्याची, सांडपाण्याची, विजेची आणि तारांची सगळी कामं त्याच खोदाईत उरकायची, आणि त्यानंतर पाच वर्षं कुणालाही रस्ता फोडायची परवानगी नाही. एका वेळी पन्नास-साठ मीटरपेक्षा जास्त रस्ता उघडायचा नाही, आणि प्रत्येक दुकानाच्या दारापर्यंत पायी वाट रोज खुली राहिली पाहिजे; ठेकेदाराने ती मोडली तर दर दिवसाचा दंड. आणि पेठेच्या मुख्य विक्रीच्या हंगामात काम पूर्ण थांबलेलं असेल, तारखांसकट. चाळीस वर्षं तग धरलेली दुकानं सहा महिन्यांच्या खोदाईत बसताना मी पाहिली आहेत, आणि ती पुन्हा उघडत नाहीत.